गुरुवार-शनिवारचा टाय

दुकान बंद करायला वीस मिनिटं होती.
इन्व्हरनेसमध्ये नोव्हेंबरात चारलाच दिवे लागतात,
आणि काचेबाहेर थबकलेला माणूस
आत यावं की नाही हे ठरवताना
आधी स्वतःचे बूट बघतो.

मर्डो मॅकॲस्किल. नाव पावती फाडताना कळलं.
काखोटीला कागदात बांधलेलं बोचकं,
त्यात किल्ट. भाड्याचा नव्हे, घरचा:
आठ वार लोकर, डांबरगोळ्यांचा वास,
कमरेचे पट्टे दोनदा हलवलेले.
"आम्हां दोघा भावांत हा एकच," तो म्हणाला,
"ज्याच्या घरी कार्य, त्यानं नेसायचा.
यावर टाय हवा. एकच."

एकवीस वर्षं मी हेच करते.
गिऱ्हाईक सगळ्यात ठळक पट्टा बघतं,
लाल दिसला की लाल मागतं.
मी सांगते, चौकड्यावर चौकडा नको,
ठिपके तर नकोच नको,
एका अंगावर किती जणांनी बोलायचं?
लग्नाला उजळ, मयताला काळा.
"कार्य कसलं?" मी विचारलं.

"गुरुवारी टॉर्मडला पोचवायचं.
शनिवारी त्याच्या मुलीचं लग्न.
पुढे ढकलू नका, असं तोच सांगून गेला,
हॉलची अनामत परत मिळत नाही म्हणून."
हसावं की नाही, मला कळेना.
तो हसला, तेव्हा मीही.

दोन घ्या, म्हणाले असते. टाय विकणं माझं पोट आहे.
पण तो किल्टच्या घडीवर तळहात टेकून उभा होता,
बोटीच्या कठड्यावर टेकावा तसा.
"शवपेटीची पहिली दोरी माझ्या हातात,
मग मॉरॅगचा हात.
मधे एक शुक्रवार.
माणूस तोच असणार ना. टायही तोच असू दे."

मी किल्ट टेबलावर पसरला, दिवा ओढला.
शेवाळी, गडद निळा, पुन्हा शेवाळी,
मग पांढरी रेघ, ती कुणालाही दिसते.
तिच्या कुशीत आणखी एक, दोनच धाग्यांची:
काळ्या शिंपल्याच्या आत, अगदी कडेला असतो
तो रंग. दिव्याखाली जांभळा,
मान वळवली की काळा.
"हे होतंच इथे?"
"विणलं तेव्हापासून."
जन्मभर नेसलेल्या वस्त्रावर तो ओणवा झाला,
चष्मा कपाळावर, नाक लोकरीला टेकेल इतका.

खालच्या खणात त्या रंगाचा टाय होता.
लोकरी, साधा, मागच्या वर्षी कुणी न उचललेला.

पैसे दिले, तरी जाईना.
टायचं टोक बोटांत फिरवत राहिला.
"गाठ टॉर्मड मारायचा. त्याची, आणि माझीही.
मागून हात घालून, आरशात बघत.
आणि दर वेळी थोडी जास्तच आवळायचा, मुद्दाम."

मग मी कॉलर उभी केली,
माझ्याच गळ्यात गाठ मारली,
सैल करून डोक्यावरून काढली
आणि त्याच्या हातात दिली.
"ही सोडायची नाही.
गुरुवारी वर सरकवा, घशापर्यंत.
शनिवारी एक बोट खाली,
नाच सुरू झाला की दोन.
तुमच्या बेटावर रविवार उजाडायच्या आत सगळं थांबतं,
तेव्हा अशीच काढून खुंटीला अडकवा."

"आणि पुढच्या वेळी?"
कुणाच्या, कशाच्या, ते त्यानं सांगितलं नाही.
मी बोचक्याला दोरा गुंडाळत होते.
दोऱ्याची गाठ मात्र त्यानंच मारली, कोळ्याची,
एका झटक्यात.

बोट गाठायची होती, तो पळाला.
मी दिवे मालवले, गल्ला मोजला, बस पकडली.
माझी कॉलर उभीच राहिली होती.
घरी पोचेपर्यंत कुणीही सांगितलं नाही.